मुक्कामाची किल्ली कुणाच्या कमरेला?

आपल्याकडे परदेशी गेलेल्या मुलाविषयी चार प्रश्न विचारण्याची रीत आहे. पगार किती, कंपनी कोणती, घर भाड्याचे की स्वतःचे, आणि इकडे कधी येणार? दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती हे चारही प्रश्न हमखास निघतात. मुलाचे आईबाप वरवर संकोच दाखवीत, पण आतून फुलून जाऊन त्यांची उत्तरे देतात आणि ऐकणारे माना डोलावतात. पाचवा प्रश्न मात्र मी अद्याप कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. तो प्रश्न असा: ही नोकरी उद्या त्याला नकोशी झाली, तर ती सोडता येते काय?

सणासुदीच्या दिवशी नोकरी सोडण्याची भाषा कुणाला अभद्र वाटेल. वाटो बापडी. मी एक साधा शाळामास्तर आहे, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण झालेले नाही, तेव्हा कायदेपंडिताचा आव मी आणणार नाही. परंतु माझ्या वर्गातून गेलेली कितीतरी मुले आज अमेरिकेत आणि आखातात आहेत. त्यांच्या पत्रांतून आणि टेलिफोनवरून जे कानी आले, आणि ते कानी आल्यावर जे मी मुद्दाम मिळवून वाचले, त्यावरून माझे एक मत बनले आहे. ते आडपडदा न ठेवता सांगतो. ज्या माणसाला नोकरी सुटताच देशही सोडावा लागतो, त्याला नोकरदार म्हणणे ही शब्दांची चैन आहे. तो मालकाच्या ओसरीवर राहणारा गडी होय. मग त्याचा पगार लाखांत का मोजला जाईना!

प्रथम हे प्रकरण काय आहे ते घरगुती भाषेत समजून घेऊ. व्हिसा आणि मुक्कामाचा दर्जा या दोन गोष्टींची आपण नेहमी गल्लत करतो. व्हिसा म्हणजे देशाच्या दारात दाखवावयाची चिठ्ठी. आत शिरल्यावर किती दिवस राहावयाचे आणि कोणते काम करावयाचे, हे ठरते ते दर्जावरून. पासपोर्टातल्या शिक्क्याची मुदत दोन वर्षे शिल्लक असली, तरी दर्जा गेला की मुक्काम गेला. "व्हिसा तर अजून आहे ना?" असे येथून जे वडीलधारे गृहस्थ निश्चिंतपणे विचारतात, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

अमेरिकेत आपली सुशिक्षित मुले बहुतेक करून ज्या दर्जावर नोकरी करतात त्याला एच-१बी म्हणतात. १९९० च्या कायद्याने त्याला आजचे रूप आले. वर्षाला ६५,००० जागा, आणि तेथल्या विद्यापीठाची वरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,०००. मागणारे त्याहून पुष्कळ अधिक, म्हणून वर्षानुवर्षे चिठ्ठ्या टाकून निवड होत आली. मुदत तीन वर्षांची, ती वाढवून सहा वर्षांची. येथवर तक्रार करण्याजोगे काही नाही. मुख्य गोम पुढेच आहे. हा अर्ज मुलगा करीत नाही, त्याची कंपनी करते. आणि परवानगी मिळते ती अशी की, या माणसाने, या मालकाकडे, या ठिकाणी, हे काम करावे. कंपनीने त्याला दुसऱ्या शहरात बसावयास सांगितले आणि ते शहर पहिल्याच्या टापूबाहेरचे असले, तर साधारणतः तेवढ्यासाठीही सुधारलेला अर्ज करावा लागतो. म्हणजे माणसाच्या मुक्कामाचा मूळ आधार त्याची विद्या नाही, त्याची सचोटी नाही, त्याने भरलेला करही नाही. आधार आहे तो मालकाने भरलेला कागद.

आपल्या जुन्या वाड्यांत कोठीची किल्ली सासूबाईंच्या कमरेला असे. सून दिवसभर त्याच कोठीतले धान्य निवडी, पाखडी, रांधी. पण कोठी उघडावयाची म्हटली की सासूबाईंच्या पुढ्यात जाऊन उभे राहणे आले. सासू मायाळू निघाली तर सुनेचे दिवस सुखात जात, आणि कित्येकींचे तसे गेलेही. पण त्या मायाळूपणाने किल्ली कुणाच्या कमरेला आहे हे बदलत नसे. परदेशी नोकरी करणाऱ्या आपल्या मुलाचे तेच झाले आहे. त्याचा साहेब भला असेल, दिवाळीला त्याला 'हॅपी दिवाली' म्हणत असेल. पण किल्ली साहेबाच्या कमरेला आहे.

यावर जाणते लोक मला अडवतील. "मास्तर, नोकरी बदलता येते की! आमच्या पुतण्याने दोनदा बदलली." खरे आहे. कायद्यावर खोटा आळ घेण्यात अर्थ नाही. अमेरिकेत २००० साली एक कायदा झाला आणि त्याने ही वाट बरीच रुंद केली. दुसरी कंपनी तयार असली, तिने नवा अर्ज सरकारात रीतसर दाखल केला, आणि माणूस त्या वेळी नियमानुसार दर्जा राखून असला, तर मंजुरीची वाट न पाहता तो नव्या जागी कामाला लागू शकतो. एकदा जागांच्या मोजणीत धरला गेलेला माणूस पुन्हा चिठ्ठ्यांच्या फेऱ्यातही सापडत नाही. ही सोय चांगली आहे. पण ती कुणासाठी आहे ते पाहा. ज्याच्या हाती दुसरी नोकरी आधीच आली आहे, त्याच्यासाठी! म्हणजे एका मालकाच्या कमरेची किल्ली दुसऱ्या मालकाच्या कमरेला जावयाची. मधल्या काळात ती तुमच्या हाती क्षणभरही यावयाची नाही. आणि दुसऱ्याचा अर्ज नामंजूर झाला, तर नवे काम थांबवावे लागते, जुने तर आपणच सोडलेले असते.

मी कादंबऱ्या लिहितो म्हणून मला हे विशेष जाणवते. आमच्या मराठी कादंबरीत नायक राजीनामा साहेबाच्या टेबलावर आपटतो आणि ताठ मानेने बाहेर पडतो. प्रकरण तेथे संपते आणि वाचक मनातल्या मनात टाळी वाजवतो. पुढच्या प्रकरणात नायक उपाशी राहील, मित्राच्या खोलीवर झोपेल, शिकवण्या करील. पण तो आपल्या गावात, आपल्या रस्त्यावर उभा असतो. एच-१बीवर गेलेल्या नायकाला मी असा राजीनामा देववू शकत नाही. दिलाच, तर पुढचे प्रकरण विमानतळावर सुरू करावे लागेल. माणसाच्या आयुष्यातला एक ताठ क्षण कायद्याने असा खोडून टाकला आहे.

नोकरी गेली तर काय होते? २०१७ च्या जानेवारीपासून नियम असा आहे की, नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस थांबता येते. मुक्कामाची मुदत त्याआधी संपत असेल, तर तेवढेच दिवस. हे ६० दिवसही सरकारच्या मर्जीवरचे, ते कमी करण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला आहे. २०१७ पूर्वी एवढीही निश्चित सवलत नव्हती, म्हणून तिच्याबद्दल आभार मानावेत असे कुणी म्हणेल. मानू. पण या दोन महिन्यांत काय काय करावयाचे त्याची यादी करा. नोकरी शोधा. मुलाखती द्या. कंपनीला पटवा. मग तिच्या वकिलाने मजूर खात्याचा दाखला मिळवावयाचा, त्यालाच सात कामाचे दिवस धरावे लागतात. मग मुख्य अर्ज. हे न जमले तर पाहुण्याच्या किंवा अन्य दर्जासाठी अर्ज करून मुदत वाढवून घेण्याची धडपड. तेही न साधले, तर सामानसुमान विकून, घराचा करार मोडून, मुलांची शाळा अर्ध्यावर सोडून, बायकोमुलांसह परत फिरा. आपल्याकडे मुलीच्या लग्नाच्या तयारीलासुद्धा ६० दिवस पुरत नाहीत. येथे तेवढ्यात एक मांडलेला संसार उचलावयाचा आहे!

माझा एक जुना विद्यार्थी आहे. वर्गात असताना गणिताचे उत्तर चुकले तर रडणारा आणि बरोबर आले तर दुसरी रीत शोधणारा. त्याची कंपनी कोणती व गाव कोणते हे सांगण्याचे कारण नाही. एका शुक्रवारी दुपारी त्याला व त्याच्याबरोबर पुष्कळांना निरोप मिळाला की उद्यापासून काम नाही. त्याच खोलीत त्याच्या शेजारी बसणारा तेथलाच एक नागरिक होता, त्याचेही काम गेले. तो नागरिक घरी जाऊन दोन दिवस झोपला, मग आईकडे गेला, मग सावकाशीने नोकरी शोधू लागला. आमच्या मुलाने त्याच रात्री भिंतीवरच्या कॅलेंडरात साठावा दिवस मोजून त्यावर खूण केली. त्याची मुलगी पाचवीत होती. तिने विचारले, "बाबा, त्या दिवशी काय आहे? माझी ट्रिप आहे का?" एकच कंपनी, एकच काम, एकच शुक्रवार. एकाची नोकरी गेली. दुसऱ्याची नोकरी, घर, शाळा आणि देश अशी चारही गेली. हा फरक गुणांनी झाला नाही. तो कागदाने केला.

त्याला बावन्नाव्या दिवशी दुसरी जागा मिळाली. पहिलीहून कमी पगाराची, कमी दर्जाची. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली. नव्या साहेबाला अर्थातच ठाऊक होते की हा माणूस घासाघीस करणार नाही. जो निघून जाऊ शकत नाही, त्याला मोल ठरवता येत नाही, हे आमच्या आठवडी बाजारातली भाजीवालीही जाणते.

आता कायमच्या वास्तव्याकडे, म्हणजे ग्रीन कार्डाकडे वळू. आपले लोक समजतात की तेथे दहा वर्षे काढली म्हणजे ते मिळतच असेल. तसे नाही. नोकरीच्या मार्गाने मिळणाऱ्या या कार्डांत कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण ७ टक्क्यांहून अधिक वाटा नाही. देश सव्वाशे कोटींहून मोठा असो की लाखभर वस्तीचा, वाटा तोच. त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग लांबतच गेली. २०२५ संपताना उच्चशिक्षितांच्या दुसऱ्या वर्गात आपल्या माणसांचा नंबर २०१३ सालच्या अर्जांपाशी आला होता. बारा वर्षे! पांडवांचा वनवास बारा वर्षांचाच होता. फरक इतकाच की त्यांना तो कधी संपणार हे ठाऊक होते.

या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने नोकरी बदलली तर? रांगेतला नंबर, म्हणजे अर्जाची मूळ तारीख, एकदा मधला अर्ज मंजूर झाल्यावर सहसा टिकते. मंजुरीला १८० दिवस उलटले असतील, तर जुन्या कंपनीने रागाने अर्ज मागे घेतला तरी तो तेवढ्या कारणाने रद्द होत नाही. हेही चांगले. पण नव्या कंपनीला सारी पूजा पुन्हा पहिल्यापासून मांडावी लागते. या जागेसाठी लायक अमेरिकन माणूस मिळत नाही असा मजूर खात्याचा दाखला, मग नवा अर्ज, नवा खर्च, नवे वकील. हा खटाटोप करण्यास प्रत्येक कंपनी तयार नसते. असली तरी "वर्षभर काम पाहू, मग बघू" म्हणते. शेवटच्या पायरीवरचा अर्ज १८० दिवस पडून राहिला म्हणजे तशाच प्रकारच्या दुसऱ्या कामावर जाण्याची मोकळीक मिळते. परंतु त्या पायरीवर पाऊल ठेवावयासच एक तप लागते. या तपात माणूस बढती नाकारतो, कारण कामाचे स्वरूप बदलले तर कागद बदलावे लागतील. नवा धंदा काढण्याची कल्पना मनातच जिरवतो. मुले २१ वर्षांची झाली की सर्वसाधारणपणे बापाच्या अर्जाच्या छायेतून बाहेर पडतात. आणि बायकोला काम करण्याची जी परवानगी २०१५ साली खुली झाली, तीही नवऱ्याच्या अर्जाच्या शेपटाला बांधलेली. एका किल्लीला सबंध घर टांगलेले आहे.

शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये तेथल्या अध्यक्षांनी बाहेरून नव्याने आणावयाच्या एच-१बी कामगारामागे एक लाख डॉलर भरण्याचा हुकूम काढला. त्या ऑक्टोबरात सरकारने खुलासा केला की, देशात राहून रीतसर नोकरी बदलणाऱ्याला तो लागू नाही. खुलाशाने पुष्कळांचा जीव भांड्यात पडला. पण त्याचा दुसरा अर्थ कुणी मोठ्याने बोलला नाही. साठ दिवस हुकले आणि माणूस बाहेर पडला, की त्याला पुन्हा आत घेणाऱ्या नव्या मालकापुढे हा लाखाचा आकडा उभा! अशा वेळी जुन्या नोकरीला अधिकच घट्ट मिठी मारली जाते यात नवल नाही.

आता माझ्या विरोधकांचे म्हणणे ऐकू. पहिले म्हणणे असे की, "इतका पगार मिळतो, मग थोडे सोसावे." हे वाक्य मी मुलांच्या आईबापांकडूनच अधिक ऐकले आहे, आणि त्यात मला प्रेमापेक्षा सवय अधिक दिसते. पगार हा कामाचा मोबदला आहे. अपमान गिळण्याची फी म्हणून तो कुणी ठरवलेला नाही. शिवाय सोसणाऱ्याचेच नुकसान होते असेही नाही. जो कामगार निघून जाऊ शकत नाही, तो मालकाला सोयीचा वाटतो. मग त्याच्या शेजारचा स्थानिक कामगार गैरसोयीचा ठरतो. स्थानिक माणूस परक्यावर रागावतो, परका स्थानिकाला बिचकतो आणि दोघांच्या भांडणात मालकाचे फावते. तेव्हा नोकरी बदलण्याची मोकळीक ही परक्यावर केलेली मेहेरबानी मुळीच नाही. त्या देशातल्या कामगाराचेही हित तीतच आहे.

दुसरे म्हणणे अधिक वजनदार आहे. "देश त्यांचा, दार त्यांचे. कुणाला घ्यावे, कुणाला न घ्यावे, हे ते ठरवणार." अगदी मान्य! दार त्यांनी ठरवावे. किती जणांना घ्यावयाचे, कोणत्या विद्येचे घ्यावयाचे, गुन्हा केला तर कसे घालवावयाचे, सारे त्यांनी ठरवावे. माझा आक्षेप एवढाच की, आत घेतलेल्या माणसाला घालवण्याचा अधिकार सरकारने खाजगी मालकाच्या खिशात घालू नये. सरकारने घालवले तर कारण द्यावे लागते, दाद मागता येते. मालकाने शुक्रवारी दुपारी काढले, तर दाद कुणाकडे मागावयाची? राज्याचा दंडुका सावकाराच्या हाती दिला म्हणजे काय होते, हे आपल्या शेतकऱ्यांना शिकवावयास नको.

तिसरे म्हणणे, "नको असेल तर परत यावे." हे बोलणारे गृहस्थ बहुधा तेच असतात, जे परत आलेल्या मुलाकडे पाहून हळूच विचारतात, "का हो, काढून टाकले की काय?"

हे केवळ संगणकावर बोटे चालवणाऱ्या मुलांचे रडगाणे आहे असे कुणी समजू नये. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांत आखातातल्या पैशाने कौलांच्या जागी स्लॅब पडला आहे. तो पैसा मिळवणारा गवंडी, ड्रायव्हर, स्वयंपाकी 'कफाला' नावाच्या पद्धतीखाली राबत आला. कफील म्हणजे जामीनदार मालक. त्याच्या ना-हरकतीशिवाय दुसरी नोकरी नाही, कित्येक ठिकाणी देश सोडावयाचा तरी त्याचीच परवानगी. सौदी अरबस्तानात तर कामगार न सांगता निघून गेला असा 'हुरूब'चा शेरा मालकाने मारला की तो एका दिवसात बेकायदा ठरे. एच-१बीवाल्याला निदान वकील परवडतो. या माणसाला त्या मुलखाची भाषासुद्धा नीट वाचता येत नाही.

आणि तरीही पाहा, बदल झाला तो तेथेच! बाहरीनने २००९ साली ही गाठ सैल करण्यास आरंभ केला. कतारने २०२० साली मालकाच्या ना-हरकतीची अट काढली. सौदी अरबस्तानाने मार्च २०२१ पासून पुष्कळ कामगारांना वर्षभराच्या नोकरीनंतर मालकाच्या संमतीविना बदलण्याची वाट दिली, जरी घरकाम करणारे त्यातून वगळले गेले. अंमलबजावणीत अजून खोट आहे, हे खरे. पण नियम बदलले म्हणून तेथले इमारतींचे काम थांबले नाही. जर्मनीत ब्लू कार्डावर गेलेल्या माणसाला पहिल्या वर्षानंतर नोकरी बदलावयास सरकारची संमती लागत नाही. म्हणून जर्मनीचे कारखाने बंद पडल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा "हे अशक्य आहे" असे सांगणाऱ्यांच्या तोंडावर ही उदाहरणे ठेवावीत.

आपल्या घराण्याला हा प्रश्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातली माणसे मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली. त्यांच्या वंशजांचा मराठी समाज तेथे आजही आहे. अशा मजुरांच्या कराराला लोक 'गिरमिट' म्हणत. मुदत संपेपर्यंत मळा सोडावयाचा नाही, सोडला तर तुरुंग. नामदार गोखल्यांनी १९१२ साली मध्यवर्ती कायदेमंडळात ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. पण प्रश्न मिटला नाही. १९१७ साली ही भरती थांबवावी लागली.

त्याहून जवळचे उदाहरण आपल्या गावकुसाबाहेरचे आहे. महार वतनात जमिनीचा तुकडा आणि गावाची चाकरी एकमेकांना जखडलेली होती. चाकरी नाकारावी तर जमीन जाई, जमीन राखावी तर रात्री-अपरात्री हाकेसरशी धावावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यासाठी विधेयक आणले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा पुढे १९५८ साली झाला. वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्या मुलाच्या दुःखाची मी त्या दुःखाशी बरोबरी करीत नाही. तशी बरोबरी करणे हा त्या पिढ्यांचा अपमान होईल. जखमा वेगळ्या आहेत. पण गाठ मारण्याची रीत ओळखीची आहे: राहण्याचा आधार चाकरीला बांधावयाचा, म्हणजे चाकरीची किंमत बांधणाऱ्याने ठरवावी. ज्या भूमीत ही गाठ कायद्याने सोडवली गेली, त्या भूमीतल्या लोकांनी ती परदेशात पाहून "चालावयाचेच" म्हणावे, हे मला पटत नाही.

आणि बोट दुसऱ्याकडे दाखवताना आपले अंगणही झाडावे. आपल्या देशात नोकरीच्या व्हिसावर आलेल्या परकीयाला सर्वसाधारणपणे येथे राहून मालक बदलता येत नाही. मूळ कंपनी व तिची उपकंपनी अशा मोजक्या अपवादांनाच वाट आहे. अमेरिकेने २००० साली जेवढे दिले, तेवढेही आपण देत नाही. आपल्या मुलांसाठी न्याय मागताना हा नियम तसाच ठेवला, तर आपले मागणे ऐकणारा हसेल, आणि त्याचे हसणे रास्त असेल.

मग मागावयाचे काय? माझी मागणी लहान आहे. एकदा माणसाला त्याच्या विद्येवरून आत घेतले की काम करण्याची परवानगी त्याच्या नावाने असावी. त्याच धंद्यात तो कुठेही काम करो. सरकारला कळवले म्हणजे पुरे. नोकरी सुटली तर निदान मुलांचे शाळेचे वर्ष पुरे होईल एवढी मुदत मिळावी. रांगेतली जागा माणसाची असावी, कंपनीची नसावी.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत घराघरांतून जे करता येईल ते तरी करू. मुलाला सांगा की, नव्या कंपनीचा अर्ज दाखल झाल्याची पावती हाती आल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस. मंजुरीचे कागद आणि पगाराच्या पावत्या यांच्या प्रती स्वतःपाशी ठेव. कंपनीच्या संगणकावर ठेवू नकोस, तो पहिल्या दिवशीच बंद होतो. मुदतीआधी सोडलेस तर दंड घेऊ, असे कुणी धमकावले तर सांग की असा दंड घेण्यास तेथल्या कायद्याची मनाई आहे. काम नाही म्हणून पगार थांबवला, तर तेही कायद्याविरुद्ध आहे. मुदत संपण्याआधी मालकानेच काढले, तर मायदेशी परतण्याचे वाजवी भाडे देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडल्याशिवाय मोठे घर घेऊ नकोस, मग आत्याबाई काहीही म्हणोत.

आईबापांना मात्र माझे वेगळे सांगणे आहे. तुमच्या मुलाने साहेबाचा जाच सांगण्यास आरंभ केला की "सोस बाबा, ग्रीन कार्ड होईपर्यंत" असे म्हणू नका. त्या क्षणी साहेबाच्या बाजूला तुम्ही जाऊन उभे राहता. कायद्याने त्याचे एक दार बंद केलेले आहे; दुसरे दार घराचे आहे आणि ते लावण्याचा अधिकार कोणत्याही सरकारने तुम्हांला दिलेला नाही. "नको वाटले तर निघून ये, आम्ही आहोत," एवढे वाक्य त्याच्या कानी असू द्या. तो येईलच असे नाही. बहुधा येणारही नाही. पण परत येण्याची जागा आहे हे ज्याला ठाऊक असते, तो साहेबापुढे बसताना खुर्चीच्या कडेवर बसत नाही.